क्लिपचा पत्ता

दोन तासांच्या चित्रपटाचं सगळं संकलन ज्या फाइलमध्ये असतं, ती कित्येकदा ई-मेलला जोडून पाठवता येईल एवढी लहान असते. चित्रीकरण मात्र अनेक टेराबाइटचं. हा हिशेब जुळतो, कारण प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्र नसतंच. तिच्यात असतात नोंदी. अमुक डिस्कवरच्या अमुक फोल्डरमधली अमुक क्लिप घ्यायची, तिचा बाराव्या सेकंदापासून सतराव्या सेकंदापर्यंतचा तुकडा टाइमलाइनवर या जागी दाखवायचा, आवाज इतका उतरवायचा, रंग असा बदलायचा. अशा हजारो नोंदी. प्रीमिअर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे तर दाबून लहान केलेला एक्सएमएल मजकूरच. ती उलगडून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, की प्रत्येक क्लिपचा पूर्ण पत्ता वाचता येतो. केडेनलाइव्ह आणि शॉटकट या मोफत सॉफ्टवेअरच्या फाइली उलगडायचीही गरज नसते, त्या थेट वाचता येतात.

या एका गोष्टीचा परिणाम फार दूरवर जातो. कुणी फोल्डरचं नाव बदललं, क्लिप दुसरीकडे हलवली किंवा हार्ड डिस्क वेगळ्या कॉम्प्युटरला जोडली, तर प्रोजेक्टमधला पत्ता जुना राहतो आणि तिथं क्लिप सापडत नाही. मग पडद्यावर चित्राऐवजी लाल पाटी येते: मीडिया ऑफलाइन. कधी कधी हलवाहलव न करताही हे घडतं. विंडोज जोडलेल्या डिस्कला अक्षर देतं. काल जी डिस्क 'ई' होती ती आज दुसरा पेन ड्राइव्ह आधी लावल्यामुळे 'एफ' झाली, तर तिच्यावरच्या प्रत्येक क्लिपचा पत्ता चुकतो. मॅकवर डिस्क नावानं ओळखली जाते, पण एकाच नावाच्या दोन डिस्क एकदम जोडल्या तर दुसरीच्या पत्त्यात नावापुढे १ हा आकडा लागतो.

लाल पाटी पाहून नव्या माणसाचा धीर सुटतो. चित्रीकरण गेलं असं वाटतं. बहुतेक वेळा काहीही गेलेलं नसतं.

उलट गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. सॉफ्टवेअरच्या आत क्लिपांचे जे कप्पे, म्हणजे बिन, दिसतात, त्यांना लोक डिस्कवरचे फोल्डर समजतात. मुलाखती एका बिनमध्ये, गावाची दृश्यं दुसऱ्यात, असं नीट लावलं की सगळं जागेवर लागलं असं वाटतं. बिनमध्ये क्लिप इकडून तिकडे नेली तरी डिस्कवर तसूभरही काही हलत नाही. ती डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये किंवा कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर जिथं होती तिथंच राहते. पेन ड्राइव्ह त्याचा मालक घेऊन जातो आणि बिन भरलेलं दिसत असूनही लाल पाटी येते. रचना दोन ठिकाणी करावी लागते, एकदा डिस्कवर आणि एकदा प्रोजेक्टमध्ये. आणि ती याच क्रमानं करावी लागते.

मूळ चित्र एकीकडे आणि त्याची नोंद दुसरीकडे, ही बाब फिल्मच्या काळात संकलकांच्या अंगवळणी पडलेली होती. मूळ निगेटिव्हला शेवटपर्यंत कात्री लावत नसत. संकलन चाले ते तिच्यावरून काढलेल्या वर्कप्रिंटवर. निगेटिव्हच्या कडेला फुटाफुटावर क्रमांक छापलेले असत, वर्कप्रिंट काढताना तेच क्रमांक तिच्या कडेवर उतरत. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, त्यामुळे क्रमांक आणि चौकटींचा हिशेब धरला की कोणताही तुकडा मूळ निगेटिव्हवर नेमका कुठे आहे ते सांगता येई. सहायक संकलक हे क्रमांक वहीत उतरवून ठेवत. कापडी अस्तराच्या मोठ्या पेट्यांवर आडव्या दांड्या असत, त्यांच्या खिळ्यांना कापलेले तुकडे लोंबत ठेवलेले असत. सगळं संकलन पक्कं झालं की निगेटिव्ह कापणारा माणूस ते क्रमांक जुळवून मूळ फिल्म कापायचा. १९९० मध्ये कोडॅकनं या क्रमांकांना यंत्राला वाचता येणाऱ्या बारकोडची जोड दिली.

'अपोकॅलिप्स नाऊ'साठी सुमारे साडेबारा लाख फूट फिल्म वापरली गेली होती, म्हणजे २३० तासांहून जास्त चित्रीकरण. १९७९ साली लोकांसमोर आलेला चित्रपट सुमारे अडीच तासांचा. त्या चित्रपटाच्या संकलकांपैकी एक असलेल्या वॉल्टर मर्च यांना पुढे 'द इंग्लिश पेशंट'च्या संकलनासाठी ऑस्कर मिळालं, आणि ते काम एव्हिड या संकलनाच्या सॉफ्टवेअरवर झालेलं होतं. कॉम्प्युटरवर संकलित झालेल्या चित्रपटाला संकलनाचं ऑस्कर मिळण्याची ती पहिली वेळ. चित्रीकरणाचं प्रमाण मात्र त्यानंतर आणखी वाढलं. 'मॅड मॅक्स: फ्यूरी रोड'च्या वेळी संकलक मार्गरेट सिक्सेल यांच्यासमोर सुमारे ४८० तासांचं चित्रीकरण होतं आणि त्यातून दोन तासांचा चित्रपट निघाला. एवढ्या साठ्यात एखादा शॉट सापडणं म्हणजे त्याचा पत्ता शाबूत असणं.

आज कडेच्या क्रमांकाचं काम दोन गोष्टी करतात, टाइमकोड, म्हणजे प्रत्येक चौकटीला दिलेली वेळेची खूण, आणि कार्डाचं किंवा रिळाचं नाव. मोठ्या सिनेमा-कॅमेऱ्यांनी ही जुनी शिस्त फाइलच्या नावातच उतरवली आहे. ॲरी किंवा रेड कॅमेऱ्याच्या क्लिपचं नाव कॅमेऱ्याच्या अक्षरानं सुरू होतं, मग कार्डाचा क्रमांक, मग क्लिपचा. 'ए' कॅमेऱ्याच्या सातव्या कार्डावरची तिसरी क्लिप म्हटली, की त्या चित्रीकरणात तशी एकच.

स्वस्त कॅमेऱ्यांचं तसं नाही. तिथंच खरी गफलत सुरू होते. डिजिटल कॅमेऱ्यांचं फाइलनावांचं जुनं मानक सांगतं, की पहिली चार अक्षरं आणि पुढे चार अंक, ०००१ ते ९९९९. दहा हजारावी फाइल पुन्हा ०००१ पासून. सोनीचे अनेक कॅमेरे 'सी०००१' असं नाव देतात आणि सेटिंग तसं असेल तर नव्या कार्डावर पुन्हा 'सी०००१' पासूनच मोजतात.

समजा, आळंदी ते पंढरपूर पालखी सोहळ्यावर माहितीपट करायचा आहे. तीन कॅमेरे, रोज प्रत्येकाची दोन कार्डं. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद असे मुक्काम करत पालखी पुढे सरकते तेव्हा 'सी०००१' नावाच्या क्लिपा डझनांनी तयार झालेल्या असतात. एका 'सी०००१' मध्ये दिवे घाटातली चढण, दुसऱ्यात चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, तिसऱ्यात कॅमेरामननं चुकून चालू ठेवलेल्या कॅमेऱ्यातला रस्ता. त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ओतल्या, तर कॉम्प्युटर विचारतो की जुनी पुसून नवी ठेवू का. घाईत 'हो' म्हटलं की घाट गेला. वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या पण पुढे डिस्क बदलली, तर पत्ता शोधताना सॉफ्टवेअर नाव जुळवतं. 'सी०००१' मिळाली की ते समाधानी. मग घाटाच्या जागी रिंगण दिसतं आणि कुठेही लाल पाटी येत नाही. ही चूक लाल पाटीपेक्षा वाईट, कारण ती ओरडून सांगत नाही. म्हणून रिलिंक करताना, म्हणजे क्लिपचा नवा पत्ता जोडून देताना, नुसत्या नावावर न थांबता टाइमकोड आणि क्लिपची सुरुवातही जुळवायला सांगावी. प्रीमिअरच्या लिंक मीडिया खिडकीत तशा खुणा करायची सोय असते.

यावरचा उपाय चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशीच करायचा असतो. पालखीच्या माहितीपटाला एक मुख्य फोल्डर, त्याच्या आत चित्रीकरण, ध्वनी, संगीत, पाट्या व चित्रं, प्रोजेक्ट फाइली आणि तयार व्हिडिओ असे वेगळे कप्पे. चित्रीकरणाच्या कप्प्यात दिवसागणिक फोल्डर, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं लिहिलेली, म्हणजे नावानुसार लावलं तरी दिवस आपोआप क्रमानं येतात. दिवसाच्या आत कॅमेरा, कॅमेऱ्याच्या आत कार्ड. कार्डावरचे फोल्डर मात्र जसेच्या तसे, सगळेच्या सगळे उतरवून घ्यायचे. त्यातल्या फक्त व्हिडिओ फाइली वेचून घेण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो नडतो. सोनीच्या क्लिपशेजारी छोटी एक्सएमएल फाइल असते, तिच्यात त्या क्लिपची माहिती असते. काही प्रकारच्या कॅमेऱ्यांमध्ये लांब चित्रीकरण अनेक तुकड्यांत पडतं आणि ते तुकडे एक आहेत हे त्या आजूबाजूच्या फाइलींवरूनच सॉफ्टवेअरला कळतं. गोप्रोमध्ये तुकड्याचा क्रमांक नावात क्लिपच्या क्रमांकाच्या आधी येतो. त्यामुळे नावानुसार यादी लावली, की आधी सगळ्या क्लिपांचे पहिले तुकडे आणि नंतर सगळ्यांचे दुसरे. नवखा माणूस इथं हमखास गोंधळतो. हे तुकडे पडायला सुरुवात झाली ती फॅट३२ या जुन्या पद्धतीच्या कार्डांमुळे, कारण तिच्यात ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

फाइलींची नावं कोणत्या लिपीत लिहावीत, याबाबत मराठी संकलकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'वाऱ्याचा आवाज' हे नाव घ्या. यातला 'ऱ्या' कॉम्प्युटरमध्ये एकापेक्षा जास्त तऱ्हांनी साठवता येतो. 'ऱ' साठी एक स्वतंत्र संकेतांक आहे. तोच 'ऱ' साधा र आणि खाली नुक्ता असा दोन संकेतांकांनीही लिहिता येतो. काही कीबोर्ड तर र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून तेच रूप उभं करतात. डोळ्यांना तिन्ही एकच, कॉम्प्युटरला तीन निरनिराळी नावं. मॅकची एचएफएस प्लस ही जुनी पद्धत तर पहिल्या प्रकारचं नाव स्वतःहून फोडून दुसऱ्या प्रकारात साठवत असे. अशी डिस्क पुढे विंडोजकडे गेली आणि पत्ता जुळवताना सॉफ्टवेअरनं हा भेद सांभाळला नाही, तर समोर दिसत असलेली फाइल त्याला सापडत नाही. माहितीपट मराठी असला तरी फाइलींची नावं रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेषा एवढ्यावरच ठेवणं शहाणपणाचं. सविस्तर मराठी वर्णन प्रोजेक्टच्या आत क्लिपच्या टिपणात लिहावं, तिथं ते सुरक्षित असतं. प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारांकन ही चिन्हं विंडोज नावात चालवून घेत नाही, आणि पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला तर अनेक प्रोग्रॅम अडतात. फोल्डरात फोल्डर करत जाणाऱ्यांना ही मर्यादा लवकर गाठते.

आता प्रत्यक्ष हलवण्याकडे. एकाच डिस्कवर फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेली तर ५० गिगाबाइटची क्लिपही क्षणात जाते, कारण डेटा हलत नाही, फक्त त्याची नोंद बदलते. दुसऱ्या डिस्कवर 'कट' करून नेली तर मात्र आधी नक्कल होते आणि मग मूळ पुसलं जातं. या दोन्हींच्या मध्ये केबल निघाली किंवा वीज गेली, तर कोणत्या फाइली पूर्ण गेल्या आणि कोणत्या अर्धवट, हे शोधत बसावं लागतं. म्हणून डिस्क बदलताना कट नको, कॉपीच हवी. कॉपी झाल्यावर तपासणी, तपासणीनंतर प्रोजेक्ट नव्या जागेवरून उघडून पाहणं, आणि त्यानंतरच जुनं पुसणं.

तपासणी म्हणजे फोल्डरचा आकार जुळला एवढंच नव्हे. चेकसम नावाची पद्धत आहे. फाइलमधला प्रत्येक बाइट वाचून त्यावरून एक लांबलचक संख्या काढली जाते, आणि फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती संख्या बदलते. मूळ आणि नक्कल यांच्या संख्या जुळल्या तर नक्कल खरी. एमडी५ ही त्यातली जुनी रीत, एक्सएक्सहॅश ही बरीच वेगवान. चित्रीकरणस्थळी कार्डं उतरवून घेणारे लोक शॉटपुट प्रो किंवा ऑफशूट (पूर्वीचं हेज) यांसारखं सॉफ्टवेअर याचसाठी वापरतात, आणि फुकटात काम भागवायचं तर आरसिंक हे साधन १९९६ पासून उपलब्ध आहे.

याला वेळ लागतो, हे खरं. फोर-के प्रोरेस ४२२ एचक्यू या प्रकारात, सेकंदाला सुमारे ३० चौकटी धरल्या, तर तासाला जवळपास ४०० गिगाबाइट लागतात. दहा तासांचं चित्रीकरण म्हणजे ४ टेराबाइट. साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला १२० मेगाबाइट लिहीत असेल तर नुसती कॉपी नऊ तासांवर जाते, आणि तपासणीसाठी सगळं पुन्हा वाचायचं ते वेगळंच. तेच दहा तास एचडी आकाराच्या प्रोरेस प्रॉक्सीमध्ये २०० गिगाबाइटमध्ये बसतात. प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी नक्कल, जुन्या वर्कप्रिंटची आजची बहीण. सातारच्या संकलकाला लॅपटॉपवर प्रॉक्सी द्यायच्या, मूळ चित्रीकरण पुण्यातल्या ऑफिसातून हलवायचंच नाही, आणि रोज फक्त छोटी प्रोजेक्ट फाइल इकडून तिकडे पाठवायची, अशी कामं आता सर्रास होतात. अट एकच. प्रॉक्सीचं नाव, टाइमकोड आणि ध्वनीचे ट्रॅक मूळ क्लिपशी तंतोतंत जुळले पाहिजेत.

सॉफ्टवेअरागणिक रीत बदलते. प्रीमिअरमध्ये मुख्य फोल्डर आतल्या रचनेसकट जसाच्या तसा नेला, तर एक क्लिप कुठे आहे ते दाखवल्यावर बाकीच्या तो स्वतः शोधतो. हाच नियम सगळीकडे उपयोगी पडतो: हलवायचं तर अख्खा मुख्य फोल्डर हलवावा, त्यातले तुकडे नाहीत. फायनल कट प्रोमध्ये लायब्ररी बाहेरून एक फाइल दिसते, प्रत्यक्षात तो बंद फोल्डर असतो. क्लिपा त्याच्या आत कॉपी करायच्या की जागेवर राहू द्यायच्या, हे आयात करताना ठरतं. जागेवर ठेवलेल्या असताना नुसती लायब्ररी उचलून नेली तर रिकाम्या चौकटी उघडतात. दा विंची रिझॉल्व्हची तऱ्हा आणखी निराळी. त्याचा प्रोजेक्ट चित्रीकरणाच्या शेजारी राहतच नाही, तो सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असतो. त्यामुळे चित्रीकरणाची डिस्क पाठवली आणि प्रोजेक्ट निर्यात करायचा राहिला, तर समोरच्याकडे शॉट पोहोचतात, संकलन पोहोचत नाही. प्रोजेक्ट आर्काइव्ह केला तर दोन्ही एकत्र बांधून मिळतं.

एव्हिडची पद्धत या सगळ्यांत जुनी आणि कडक. एव्हिडनं स्वतः तयार केलेलं मीडिया एका ठरलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये, त्याच्या आत एमएक्सएफ नावाच्या फोल्डरमध्ये आणि त्याच्याही आत आकड्यांच्या फोल्डरमध्ये राहतं. प्रत्येक आकडी फोल्डरमध्ये दोन छोट्या डेटाबेस फाइली असतात. क्लिप कोणत्या पत्त्यावर आहे यापेक्षा तिची ओळखसंख्या काय, याला एव्हिड जास्त मान देतो. त्यामुळे ते आकडी फोल्डर दुसऱ्या डिस्कवर त्याच रचनेत ठेवले की क्लिपा बहुधा न विचारता सापडतात. नव्या डिस्कवर '१' आधीच असेल तर त्यात न मिसळता '१०१' असा वेगळा आकडा द्यावा. आणि क्लिपा असूनही दिसत नसतील, तर त्या दोन डेटाबेस फाइली पुसाव्यात. एव्हिड फोल्डर पुन्हा वाचून त्या नव्यानं तयार करतो. पुसायच्या त्या याच दोन, क्लिपांच्या फाइली नव्हेत.

एकाच चित्रीकरणावर दोन प्रोजेक्ट चालत असले की गुंता वाढतो. पालखीच्या माहितीपटातला घाटाचा शॉट पुढे पर्यटनावरच्या लहान व्हिडिओत वापरला. दोन वर्षांनी जागा हवी म्हणून जुना माहितीपट डिस्कवरून उतरवला, आणि दुसऱ्या व्हिडिओत लाल पाटी आली. यावर सरळ मत असं: संगीत, लोगो, पाट्या, ध्वनिपरिणाम असल्या छोट्या गोष्टी प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये वेगळ्या कॉपी कराव्यात, काही मेगाबाइट वाचवण्यासाठी दोन कामं एकमेकांना बांधू नयेत. चित्रीकरणाचे मोठे साठे मात्र एकाच जागी, स्वतःच्या नावानं ठेवावेत, आणि ते कुणाकुणाला लागतात याची यादी त्याच फोल्डरमध्ये साध्या मजकूर फाइलीत लिहावी.

काम संपल्यावर जागा वाचवायची तर वापरलेल्याच क्लिपा गोळा करण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना थोडे जास्तीचे सेकंद ठेवून बाकीचं गाळता येतं. इथं जपून. मोबाइल आणि स्वस्त कॅमेऱ्यांचे एच२६४ व्हिडिओ शेजारच्या चौकटींमधला फरक साठवत जातात, त्यामुळे ते हवे तिथं कापता येत नाहीत. कापायचे तर दुसऱ्या प्रकारात रूपांतर करावं लागतं, आणि ती मूळ क्लिप राहत नाही. वारकऱ्याची तासाभराची मुलाखत घेतली आणि माहितीपटात दोन मिनिटं वापरली, तर उरलेली अठ्ठावन्न मिनिटं गाळून टाकू नयेत. ती मुलाखत पुन्हा होणार नाही.

बॅकअप आहे असं मानून चालण्याचे परिणाम पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओनं १९९८ मध्ये पाहिले. 'टॉय स्टोरी २'चं काम चालू असताना पुसण्याची आज्ञा चुकीच्या ठिकाणी दिली गेली. पिक्सारचे ओरेन जेकब आणि त्यांचे सहकारी पाहत असतानाच पडद्यावरच्या फोल्डरमधून वूडी या मुख्य पात्राच्या फाइली नाहीशा होत गेल्या. सर्व्हर बंद करायला सांगेपर्यंत चित्रपटाचा बहुतांश भाग गेला होता. बॅकअपकडे धाव घेतली, तर तोही नीट होत नव्हता आणि ते तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तांत्रिक विभागाच्या प्रमुखांपैकी एक, गॅलिन सुझमन, बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर चित्रपटाची एक नक्कल होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीतून जपून स्टुडिओत आणला गेला. पुढे चित्रपटाची कथा बरीचशी नव्यानं मांडली गेली आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये तो प्रदर्शित झाला. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुळवलेला तीन-दोन-एक हा नियम याच धोक्यासाठी आहे: तीन नकला, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत.

पण नकला असणं आणि त्या उघडणं यांत फरक आहे. म्हणून माहितीपट पूर्ण झाला, मुख्य फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी झाला, चेकसमही जुळले, तरी एक काम उरतं. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी, नवी डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला जोडावी, प्रोजेक्ट उघडावा आणि टाइमलाइन पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत पाहावी. एकही लाल पाटी आली नाही आणि प्रत्येक शॉट त्याचाच आहे याची खात्री झाली, की मगच कार्डं फॉरमॅट करायला द्यावीत.